सहज उघडलेलं झाकण

मी एक जुनं पत्र्याचं झाकण आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. हवेवर तर मुळीच नाही. ती दिसत नाही, पण जरा फट मिळाली की आत शिरलीच म्हणून समजा. तुमच्याही अंगावर ती चहूबाजूंनी रेलून असते. तुमच्या आतूनही तेवढाच दाब बाहेर येतो, म्हणून तुम्हाला पत्ता लागत नाही, इतकंच.

कारखान्यात मला ठोकून आकार दिला, आतल्या कडेला रबर बसवलं आणि मधोमध फुगीर पोट ठेवलं. मग मी दोन जावांच्या स्वयंपाकघरात आलो. त्या जॅम करून विकायच्या. कढत जॅम बरणीत भरून एकेक नवं झाकण वर घट्ट फिरवायच्या. आतली वाफ निवून तिचं पाणी झालं की आतला जोर ओसरायचा, बाहेरची हवा झाकणाला दाबायची आणि त्याचं पोट टक्कन आत जायचं. माझंही एकदा गेलं. तो आवाज ऐकल्याशिवाय थोरली बरणी फळीवर ठेवायची नाही. महासंशयी बाई! मला फार आवडायची.

झाकण एकदाच वापरायचं, हा तिचा नियम. पण एका हंगामात नवी झाकणं कमी पडली आणि धाकटीने गुपचूप मला पुन्हा लावलं. माझं रबर झिजलेलं. बाकीच्या बरण्या वाजल्या, मी गप्प. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याने माझं पोट दाबलं. टक्! पलीकडच्या खोलीत थोरलीने ते ऐकलं आणि तिला वाटलं, झालं काम. माझं ढिलं पोट आत राहिलं खरं, पण हवेने दाबलेलं नव्हतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ती बरणी नेमकी आबांच्या वाट्याला आली. आबा म्हणजे दोघींचे सासरे, मोठ्या आजारातून नुकते उठलेले. खराब काही पोटात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हातातला जोरही गेला होता. साधी बरणी उघडायला सुनेला हाक मारावी लागते, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

एका सकाळी त्यांनी मला पिळलं आणि मी अलगद फिरलो. ना फुस्स, ना काही.

"अगं, बघा! माझी मी उघडली!" आबा हरखून गेले. चमचा जॅममध्ये बुडालासुद्धा. अहो, मला ओरडता आलं असतं तर!

थोरली धावत आली. "आवाज झाला का आबा? हवा आत शिरल्याचा?"

"कसला आवाज?"

"मग एवढी सहज कशी उघडली?"

आबांचा चेहरा उतरला. "माझ्या हातात जोर आलाय, हे खरं वाटत नाही होय तुला?"

तिने चमचा काढून घेतला. जॅमवर बुडबुडे होते, कडेला पांढरी बुरशी.

"जाऊबाई, मीच दाबलं होतं ते अंगठ्याने," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. थोरलीने बरणी रिकामी केली.

म्हणून विनवतो, मित्रांनो, झिजलेलं झाकण पुन्हा लावू नका. फुगलेलं दिसलं, फुस्स न करता उघडलं, तर खुशाल संशय घ्या. कुणी रागावलं तरी घ्या.

 मग आबांनी फळीवरची दुसरी बरणी मागितली. पिळली, पुन्हा पिळली, तोंड लाल झालं. झाकण ढिम्म हललं नाही. त्यांनी बरणी थोरलीपुढे धरली.

"माझ्याने नाही उघडत," ते म्हणाले. "म्हणजे चांगली आहे. वाढ दोन चमचे."