बेंबीभोवतीचे तीन डाग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. तुमच्या बेंबीभोवती तीन काळे डाग आहेत, मसुरीच्या डाळीएवढे. ते कधी पडले, तुम्हाला आठवत नाही. ज्यांना आठवत असेल ती माणसं कोण, कुठली, हेही ठाऊक नाही.

रुद्राणीचं असंच होतं. दहा महिन्यांची असताना ती मुखेडच्या एसटी स्टँडवर सापडली. लातूरच्या एका संस्थेत राहिली. दोन वर्षांची झाल्यावर स्वीडनच्या इंग्रिडने तिला दत्तक घेतलं. तिकडच्या डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत लिहिलं, ‘भाजल्याचे जुने डाग. बहुधा मुद्दाम दिलेले.’ इंग्रिडने तो कागद कपाटात अगदी वर ठेवला. पण वर ठेवलेलं पोरांना आधी सापडतं! नवव्या वर्षी रुद्राणीने तो वाचला, आणि तिची स्वस्थता गेली ती गेलीच.

आपण इतकी नकोशी होतो, की कुणी आपल्याला डागलं? एवढं एकच तिला विचारायचं होतं. त्यासाठीच ती इंग्रिडला, तिच्या आईला, घेऊन लातूरपर्यंत आली होती.

लातूरच्या फाइलीत उत्तर नव्हतं. संस्थेच्या स्वप्नालीताई म्हणाल्या, “तेव्हा लेकरं सांभाळणाऱ्या सुमनबाई आता मुखेडला असतात. त्यांना विचारू.”

गाडीत रुद्राणीने काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

“किती राहिलं?”

“जांब गाव गेलं की मुखेड आलंच,” स्वप्नालीताई म्हणाल्या.

“जांब कधी जाणार?”

“त्या बाईंना डागांचं नको विचारूस,” इंग्रिड हळूच म्हणाली. “वाईट काही ऐकायला मिळालं तर?”

“वाईट तर मला आत्ताही माहीत आहे,” रुद्राणी म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली मोकळी रानं होती.

सुमनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी रुद्राणीचे दोन्ही गाल धरले. “आगं माय! ही का ती? लई रडायची, रातभर मला हिंडवायची! किती वाळलीया ही. तिकडं खायाला देत न्हाईत का काय?”

स्वप्नालीताईंनी यातलं निम्मंच इंग्रजीत सांगितलं. इंग्रिड हसली. रुद्राणी हसली नाही. चहा यायच्या आतच ती उभी राहिली, सदरा बोटभर वर केला आणि ताईंना म्हणाली, “त्यांना विचारा, हे कुणी केलं?”

सुमनबाईंनी चष्मा पुसला. वाकून बघितलं. आणि चक्क हसल्या.

“ह्ये व्हय? आगं, बिब्बा हाय ह्यो!”

“म्हणजे?”

“लेकराचं पोट फुगलं, दूध पचंना, की जुनी मानसं बिब्ब्याच्या काळ्या बीला सुई टोचून दिव्यावर धरायची. त्येल सुटलं की बेंबीभवती टेकवायची. माझ्या पोटावर पाच हायत, दाखवू का?”

“मावशी, राहू द्या!” ताई घाईने म्हणाल्या.

“आता दवाखान्यात न्येत्यात, त्येच बरं. चटक्यानं कुठं दुखणं जातंय? पर तवा ह्येच ठाऊक होतं. आन ऐक माय, नकोशा लेकरासाठी कुनी दिवा लावून बसंल व्हय? लेकरू जगावं वाटतं म्हूनच बिब्बा देत्यात.”

ताईंनी हे शब्दन्‌शब्द सांगितलं. इंग्रिडने तोंडावर हात ठेवला. रुद्राणी मात्र उभीच राहिली. छातीवरचा एक दगड उतरला होता, पण त्याच्या जागी दुसरा येऊन बसला.

“मी जगावं असं वाटत होतं, तर मग मला सोडलं का?”

सुमनबाईंचं हसू मावळलं. “त्ये मला ठाऊक न्हाई, माय. खोटं कशाला सांगू?”

रुद्राणी दारापर्यंत गेली, परत आली. मग एकदम म्हणाली, “संस्थेत असे डाग आणखी कुणाला होते?”

“लई जनांना. त्यो हरिओम न्हाई का, तुझ्याच पाळन्यात झोपायचा? त्याला तर सात होते.”

हरिओम! तोही स्वीडनलाच गेला होता. दर उन्हाळ्यात संस्थेतून तिकडे गेलेली मुलं एका तळ्याकाठी जमत. सगळी पाण्यात उड्या मारत, आणि हरिओम सदरा घालून काठावर बसे. कुणी हाक मारली की म्हणे, “मला पोहायला आवडत नाही.” रुद्राणीने कधी आग्रह केला नव्हता. तिला वाटायचं, त्याला खरंच आवडत नसेल.

“आई, फोन दे.”

“आत्ता? तिकडे नुकतं उजाडलं असेल.”

“उठू दे त्याला.”

फोन वाजत राहिला. पलीकडून झोपाळलेला, वैतागलेला आवाज आला, “कोण आहे?”

“मी, रुद्राणी. हरिओम, फोन ठेवू नकोस. मी मुखेडला आहे. तुझ्या पोटावर सात डाग आहेत ना?”

“तुला कुणी सांगितलं?” त्याने विचारलं. रुद्राणी मग अंगणात जाऊन पायरीवर बसली आणि बिब्बा म्हणजे काय, हे त्याला पहिल्यापासून सांगू लागली.