अंजनाचं दुसरं म्हणणं

नवऱ्याचं भरभरून कौतुक करून अंजनाने त्याचीच शिक्षा वाढवून ठेवली होती.

प्रफुल्लला अमेरिकेने आधी एकदा नागपूरला परत पाठवलं होतं. नोकरी गेली, व्हिसा गेला, कोर्टाच्या तारखा चुकल्या. हॉस्पिटलच्या लॅबमधल्या नोकरीवर अंजनाला ग्रीन कार्ड मिळालं, पण तोवर त्याच्या नावावर डिपोर्टेशनची ऑर्डर पडली होती. गडी स्वस्थ बसला नाही. कॅनडात उतरला, चोरून नदी ओलांडली आणि अमेरिकेतल्या ट्रॉय गावात अंजनाच्या दारात येऊन उभा राहिला. पुढे लेकीला, मैत्रीला, क्लासला सोडताना त्याने सिग्नल तोडला आणि पोलिसांच्या हाती लागला. हद्दपार केलेल्याने असं परत येणं म्हणजे तुरुंग.

अशा केसमध्ये सहसा काही महिन्यांवर भागतं, असं त्याची वकील सुनेत्रा म्हणाली होती. शिक्षा सुनावण्याआधी जज घरच्यांना दोन शब्द बोलू देतात. अंजना उभी राहिली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाली, "असा बाप शोधून सापडणार नाही. उद्या पुन्हा पाठवलंत, तरी मुलीसाठी तो पुन्हा येईल."

मागे बसलेल्या बुद्धविहारातल्या मंडळींचे डोळे भरून आले. त्यांच्यातल्या सुभाषकाकांनी मान डोलावली. जजनेही मान डोलावली आणि दोन वर्षं ठोकली. पुन्हा येणार हे बायकोच छातीठोकपणे सांगतेय म्हटल्यावर त्याने तरी दुसरं काय करावं!

सुनेत्राने अपील केलं. ती अमेरिकेतच जन्मलेली. मराठीत अडखळायची, कायद्यात नाही. वरच्या कोर्टाने तिचं ऐकलं. नेहमीपेक्षा इतकी जास्त शिक्षा का, हे जजने नीट सांगितलेलं नाही, असं म्हणून ती रद्द केली आणि केस पुन्हा त्याच जजकडे पाठवली. तिचा फोन आला तेव्हा अंजना लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावत होती. "बरं झालं," ती म्हणाली आणि पुढची नळी उचलली. आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. वाईटही वाटलं नाही.

"ताई, धिस टाइम जजला एकच गोष्ट ऐकायचीय," सुनेत्रा म्हणाली. "की तो परत येणार नाही. पण खोटं नाही बोलायचं हं, प्लीज."

"आणि त्याला पटलं तर?"

"मग प्रफुल्ल सुटेल. इमिग्रेशनवाले त्याला घेतील आणि इंडियाला पाठवतील."

अंजनाने विचार करायचा म्हणून केला. डोळ्यांसमोर आलं ते त्याच्या परत येण्यानंतरचं घर. भर दुपारी ओढलेले पडदे. बेल वाजली की बेसमेंटमध्ये पळणारा प्रफुल्ल, आणि पांढरीफटक पडून दार उघडणारी मैत्री. "माय डॅड इज इन इंडिया," असं ती मैत्रिणींना सांगायची तेव्हा बाप तिच्या पायाखालच्या खोलीत श्वास रोखून बसलेला असायचा. हळूहळू मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. तो तुरुंगात गेला आणि मायलेकींना झोप लागायला लागली. याची अंजनाला लाज वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती.

यावेळी विहारातल्या कुणालाच तिने कोर्टाची तारीख कळवली नाही. मैत्री शाळेत गेली होती. प्रफुल्ल तुरुंगाच्या कपड्यांत बसला होता, बारीक झालेला. तिच्याकडे बघून तो हसला.

"मागच्या वेळी मी म्हणाले होते की तो परत येईल," अंजना जजला म्हणाली. "त्याने येऊ नये. आला तर मी दार उघडणार नाही. आमचं घर त्याच्या येण्याने मोडलं, जाण्याने नाही."

 जजने भोगली तेवढीच शिक्षा पुरे म्हणून सांगितलं. सुनेत्राने तिचा हात दाबला. तिला स्वतःचा हात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

संध्याकाळी इमिग्रेशनवाल्यांच्या डिटेन्शन सेंटरमधून प्रफुल्लचा फोन आला. मैत्री शेजारीच सोफ्यावर होती, म्हणून अंजनाने स्पीकर लावला.

"काय बोललीस यार!" तो खुशीत होता. "दार उघडणार नाही म्हणे! जज पार गंडला. एकदा नागपूरला पोचू दे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघ कसा..."

"फोन रेकॉर्ड होतो, प्रफुल्ल."

"मराठीत कोण ऐकतंय?"

"मी ऐकतेय," अंजना म्हणाली. "मी कोर्टात खोटं बोलले नाही."

तो हसला. मग हसायचा थांबला. पलीकडे कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता.

"तू दमलीयस," तो म्हणाला. "मैत्रीला दे. तिच्यासाठीच तर आलो होतो ना मी? तिला विचार."

विचारायची गरज पडली नाही. मैत्रीने आईच्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "बाबा, आय लव्ह यू. प्लीज डोन्ट कम."