भाचीचं भाषांतर

माझ्या जिभेला हाड नाही, असं सगळे म्हणतात. ताईच्या घरात तर माझं नावच ते आहे. ताई आणि भावजी, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्या भाषेत माणसाचं नाव हातांनी दाखवतात, आणि ते डोळ्यांना दिसेल तसं ठेवतात, भीडभाड न बाळगता. समोरचा पेपरवाला म्हणजे गालावरचा तीळ. दूधवाला म्हणजे सुटलेलं पोट. आणि मी म्हणजे तोंडासमोर बोटांची अखंड उघडझाप. मी पुष्कळ भांडून पाहिलं, पण एकदा ठेवलेलं नाव ते बदलत नाहीत.

भावजी शिंपी. पुढे दुकान, मागे घर. मशीनच्या वर त्यांनी आरसा टांगलाय, त्यात मागे काजं करत बसलेली ताई दिसते आणि रस्त्याकडचं दारही दिसतं. हात मोकळा झाला की दोघं आरशातून गप्पा मारतात. भांडण झालं की ताई दिवा मालवते. अंधारात भावजींना उत्तर देता येत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द कायम तिचा.

भाचीला मात्र स्वच्छ ऐकू येतं. ती पहिल्यांदा बोलली ती हातांनी. तोंडाने बोलायला मी शिकवलं. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. आमच्याकडे माय धडधाकट होती, तरी निम्मी आई मी झाले. पुढे शाळेतल्या बाई, बँकेतले साहेब, दुकानातलं गिऱ्हाईक, सगळ्यांशी आईबापांचं बोलणं या पोरीच्या तोंडून व्हायला लागलं. लोक बोलण्याला तिखटमीठ लावतात, ही साखर लावते. एखादं गिऱ्हाईक ओरडलं, "बाही वाकडी शिवलीय, डोळे फुटले काय?" की हिचे हात सांगणार, 'बाही जरा बघता का?' तिने अशी किती भांडणं जिरवली असतील देव जाणे.

तर त्या रविवारी तिने पसंत केलेला मुलगा आईला घेऊन घरी आला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. आई गाण्याच्या शिकवण्या घेते. भाचीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मावशी, तो आईच्या शब्दाबाहेर जाऊनही लग्न करेल. पण तिच्या मनाविरुद्ध मी त्या घरात पाऊल टाकणार नाही." म्हणजे सगळं त्या बाईंवर येऊन ठेपलं होतं. आणि बाई तर खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, कधीही उठून जातील अशा.

"स्पष्ट विचारते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "लग्नानंतरही हिला सारखं इथे धावत यावं लागेल का? यांचं बोलणं बोलायला?"

भाचीचे हात भावजींना म्हणाले, 'विचारतायत, दुकान कधीपासूनचं?'

भावजी खुलले. 'ही जन्मली त्या वर्षीचं. कापडं बेतायच्या टेबलाखाली निजवायचो हिला.'

"बाबा म्हणतात," भाची मोठ्याने म्हणाली, "आमचं आम्ही बघू. तिला अडकवणार नाही."

दोन्ही बाजूंचं पुरतं कळणारी त्या खोलीत भाचीशिवाय मी एकटीच. मी बशीत बघत बसले.

मग भावजींनी तळहात विजारीला पुसले. भारी कापड हातात घेण्याआधी ते तसं करतात. सावकाश, एकेक खूण सुटी करत ते बोलले. 'हिची पहिली भाषा ही. रागावते, रडते, झोपेत बडबडते, ती हातांनी. तुमच्या घरात ही भाषा किती जण शिकतील? कोणीच नाही शिकलं, तर आमची मुलगी तिथे मुकी होईल.'

ज्याला जन्मात ऐकू आलं नाही तो बाप, चुरूचुरू बोलणारी पोर मुकी होईल म्हणून घाबरला होता. लेक गेल्यावर आपलं कसं होणार, हे त्याने विचारलंच नव्हतं.

भाची पांढरीफटक पडली. मग हसून म्हणाली, "बाबा विचारतायत, चहात साखर किती?"

बाईंनी एक बोट वर केलं. "एक चमचा."

भावजींना चमचा ऐकू आला नाही, बोट दिसलं. त्यांचा चेहरा उजळला. 'एक? एकही पुष्कळ झाला. कोण, मुलगा ना?' त्यांनी वळून ताईला सांगितलं, 'एक जण शिकणार आहे.' ताईने डोळ्यांना पदर लावला. भावजींनी बाईंना दोन्ही हात जोडले.

"साखरेचं एवढं काय?" बाई गोंधळल्या.

भाचीचे हात मांडीवर पडून राहिले. जागेपणी ते असे कधी मी पाहिले नव्हते. कोणाला काय सांगून सावरावं ते तिला कळेना. तिने माझ्याकडे बघितलं. जिभेला हाड नसण्याचा जन्मात एकदा तरी उपयोग व्हावा, म्हणून मी बोलले.

"बाई, त्यांनी साखर विचारली नव्हती." आणि जे विचारलं होतं ते सगळं सांगितलं, मुकी होईल हा शब्दसुद्धा. मग भावजींनाही हातांनी सांगितलं की ते बोट साखरेचं होतं. त्यांनी मान खाली घातली. हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

"आई, मी शिकतोच आहे," मुलगा म्हणाला. बाईंनी हातानेच त्याला गप्प केलं आणि भाचीला विचारलं, "झोपेतसुद्धा हातांनी बोलतेस?"

"आई म्हणते तसं. मला काय माहीत, मी झोपलेली असते."

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "माझ्याकडे येणाऱ्या पोरींना मी पहिल्या दिवशी सांगते, आवाज घशात दाबून ठेवायचा नाही, मोकळा सोडायचा. आणि माझी सून माझ्याच घरात हात बांधून बसणार?"

मग त्या भावजींकडे वळल्या. त्यांची मान वर होईपर्यंत थांबल्या. एक बोट वर केलं आणि मुलाकडे दाखवलं. त्याच्या शेजारी दुसरं बोट उभं केलं आणि ते आपल्या छातीवर टेकवलं. याचं भाषांतर कोणी केलं नाही.

भावजी आमच्या सगळ्यांसमोर रडले.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळ्यांना नाव ठेवतात, असं हा सांगत होता. मला काय ठेवलंय?"

बाई उंबरा ओलांडत असतानाच भावजींनी त्यांना नाव ठेवलं होतं. भाचीने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"खरं सांगू?"

"साखर न घालता."

भाचीने नाकाचा शेंडा बोटाने वर ढकलून दाखवला. बाई हसून हसून लाल झाल्या. भावजींनी घाईघाईने लेकीचा हात धरून खाली केला आणि आपली दोन बोटं गळ्यावर टेकवली. मी इतकी वर्षं भांडतेय, माझं नाव काही बदललेलं नाही.

बाईंनी तसं करून पाहिलं, पण बोटं फारच वर, हनुवटीखाली टेकली. भाची उठली, त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली, आणि त्यांची बोटं आपल्या हातात घेऊन तिने ती जागेवर आणून ठेवली.