शिरीषाच्या ओंडक्यातली माझी लेकरं

मित्रांनो, मी एक टाचणीला टोचलेली भुंगेरी आहे. गेल्या पावसाळ्यात मेले, पण बोलायची खोड काही गेली नाही. उलटे पडले की टक्कन उडी मारून सरळ होणारे किडे तुम्ही पाहिले असतील. मी दिसायला तशीच, पण उडीच्या नावानं बोंब. आमची जात माणसांना क्वचितच दिसते, कारण उभा जन्म आम्ही कुजक्या लाकडात अळी होऊन काढतो.

माझं घर झाशीच्या रेल्वे कॉलनीत, गोविंदरावांच्या क्वार्टरमागे पडलेला शिरीषाचा ओंडका. पंख फुटले तशी बाहेर आले आणि त्यातच अंडी घातली. लगेच गोविंदरावांच्या लेकीनं, देविकानं मला पकडलं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जात ओळखायला देह लागतो म्हणे, म्हणून तिनं मला मारलं. राग आला, का नाही येणार? पण मारताना ती पुटपुटली, "माफ कर गं. तुझ्या पिल्लांना कुणी हात लावणार नाही." त्या शब्दावर मी डबीत गप्प बसले.

माझ्या जातीचं नाव पक्कं होईपर्यंत मात्र तिनं घरात चकार शब्द काढला नाही. उगाच बभ्रा नको, असं तिचं म्हणणं.

गोविंदराव भला माणूस. कॉलनीच्या होळीसाठी ते हिरव्या फांदीला हात लावू देत नाहीत. वाळकं, पडकं तेवढंच घ्यायचं. सगळे त्यांचं कौतुक करतात. यंदा लाकूड कमी पडलं आणि त्यांना मागचा ओंडका आठवला.

त्याच संध्याकाळी, देविकानं ज्यांना मला दाखवलं होतं त्या तज्ज्ञांचा तिला निरोप आला. नाव पक्कं झालं होतं. बाबांना सांगायला ती माझी डबी घेऊन थेट होळीपाशी आली. गोविंदराव पुरणपोळीचा नैवेद्य दाखवत होते. ओला ओंडका धड जळेना, नुसता धुमसत होता.

"बाबा, हा कुठला?"

"आपल्या मागचा. मेलेलंच होतं गं ते."

"त्यात जीव होते, बाबा."

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग डबीत माझ्याकडे. हातातलं ताट खाली ठेवून ते काठीनं ओंडका ओढू लागले. शेजारी म्हणाले, "रावजी, हाथ जल जाएगा." त्यांनी ऐकलं नाही. ओंडका मधोमध फुटला. आत नुसते निखारे होते.

मित्रांनो, मेलेलं लाकूड रिकामं नसतं. पेटवण्याआधी आत कोण राहतं ते पाहा, आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं वेळेवर तोंड उघडावं. माझ्या लेकरांना ओरडताही येत नव्हतं.