नाक नसलेल्या दोघी

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. माझा जन्म एका कारखान्यात, दोन गरम साच्यांच्या मध्ये...

थांबा. जन्माचं नंतर सांगते. कोणीतरी झाकण उघडलंय.

झाकण उघडं

थंडोबा माझ्यात मासे भरतोय. थंडोबा म्हणजे आमच्या मासळी कंपनीचा विक्रीप्रमुख. तो कधी आवाज चढवत नाही, म्हणून बंदरावरच्या लोकांनी त्याचं हे नाव ठेवलं. तोंडावर मात्र सगळे साहेबच म्हणतात.

आधी बर्फाचा चुरा, त्यावर तीन मासे. आज सकाळी होडीतून उतरलेले, अंग आरशासारखं. मग तो इकडेतिकडे पाहतो आणि कोपऱ्यातल्या टोपलीतून चौथा मासा काढतो. हा परवाचा आहे. लांबून तसाच दिसतो, म्हणून तर निवडलाय. त्याचं डोकं तो बर्फात खुपसतो, म्हणजे मळकट डोळे दिसायला नकोत. वरून आणखी बर्फ पसरतो आणि स्वतःशीच पुटपुटतो, "बघू या बाईंचं नाक."

नेमकी हीच तर भीती आहे. नोकरी मागायला आलेल्या या बाईंना नाक आहे, पण त्या नाकाला वास येत नाही. या अख्ख्या बंदरावर ही गोष्ट दोघींनाच ठाऊक आहे, त्यांच्या नणंदेला आणि मला. नणंद याच कंपनीत कामाला आहे, पण आज ती बर्फाच्या यंत्रापासून हलू शकत नाही.

आणि मला तोंड नाही.

झाकण बंद

अंधार झाला. आता जरा मागचं सांगते, पण कान बाहेर ठेवून.

मी साच्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. दुहेरी भिंती, मधे फोम, झाकणाला काळ्या रबराची पट्टी, दोन बाजूंना दोन कड्या आणि बुडाशी पाणी सोडायला एक बूच. मला नमुन्याची पेटी म्हणून विकत घेतलं. विक्रेत्याने अशी पेटी हॉटेलच्या स्वयंपाकघरात न्यायची, आचाऱ्यासमोर उघडायची आणि गप्प राहायचं. माझा पहिला विक्रेता एरवी फार बडबड्या होता, पण झाकण उघडलं की त्याच्या तोंडाला कुलूप. "आता मासा बोलेल," एवढंच म्हणायचा. रोज संध्याकाळी तो मला घासून धुवायचा आणि पालथी घालून वाळवायचा. लोक त्याला विचारायचे, "काय हो, बायकोपेक्षा पेटीची सेवा जास्त?" तो म्हणायचा, "बायको मला सांभाळते. पेटीला कोण आहे?"

त्याचे गुडघे गेले आणि तो घरी बसला. त्याच्यामागून आलेल्यांनी माझं स्टूल केलं. माझ्यावर बसून चहा प्यायले. एकाने तर दार लागू नये म्हणून मला उंबऱ्यात ठेवलं. रबराची पट्टी एका कोपऱ्यात फाटली ती तेव्हाच. कोणाचं लक्षही गेलं नाही.

त्या फटीतून आत्ता गरम हवा आत येतेय. गाडी निघाली आहे. बर्फाला पाणी सुटायला लागलंय.

झाकण बंद, आठवण उघडी

बाईंची माझी पहिली भेट झाली ती कंपनीच्या कचेरीबाहेर. नणंद माझ्यावर बसली होती. मुलाखतीला आलेली वहिनी समोर उभी होती. तेव्हापासून मीही तिला वहिनीच म्हणते.

"वहिनी, एकदाच सांगते," नणंद म्हणाली. "इथे लोक आधी मासा हुंगतात, मग माणसाची चौकशी करतात."

"मग मी काय करू? आमचं बुटांचं दुकान बंद पडलं. बाकीच्या दुकानांत विचारून विचारून माझ्याच टाचा झिजल्या. तुझा दादा पाठीला पट्टा बांधून घरी पडलाय. मला विकता येतं गं. दुसरं काय येतं?"

"बूट विकलेस तू. बूट कुजत नाहीत."

"तू गिऱ्हाइकांचे मोजे पाहिले नाहीस. त्या दुकानात माझं नाक टिकलं हेच नवल. गेलं ते त्या मेल्या तापात."

नणंद फस्सकन हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आणि साहेबांना कळलं तर?"

"तू मधे नाक खुपसलं नाहीस, तर नाही कळणार."

दार उघडं होतं, म्हणून आतलं सगळं मला ऐकू आलं. थंडोबाने विचारलं, "विकण्याचा अनुभव दिसतोय तुम्हाला. पण आमच्या धंद्यात नाक लागतं. तुमचं नाक कसं आहे?"

वहिनी अडखळली नाही. "साहेब, नाकासमोर चालणारी बाई आहे मी."

थंडोबा हसला. बाहेर नणंदेने कपाळावर हात मारून घेतला.

"मोठ्या हॉटेलचा आचारी आपल्यावर चिडलाय," तो म्हणाला. "मागच्या खेपेची मासळी खराब निघाली. त्याचं काम परत आणा, नोकरी तुमची. नाही आणलंत, तर आपण पुन्हा भेटायचं कारण नाही."

झाकण बंद

गाडीत वहिनीचा अंगठा माझ्या झाकणावर टकटक करतोय. माझ्या पोटात चौथा मासा सैल पडत चाललाय. मला नाक नाही, पण वास माझ्या भिंतींत मुरतो, तसा तो मला कळतो.

"पोचण्याआधी एकदा उघडून हुंगून घ्या," थंडोबा म्हणतो. आवाज अगदी गोड.

"आत गेल्यावरच, साहेब. उगाच थंडावा जाईल."

उघड, बाई! आत्ता उघड! पण माझं ओरडणं फोमच्या पलीकडे जात नाही.

गाडी थांबते. हॉटेलची मागची बाजू असावी, भांड्यांचा खणखणाट ऐकू येतोय. वहिनी मला खाली ठेवते. तिला वाटतं, आचाऱ्याच्या स्वच्छ फरशीवर पेटी गळायला नको. बुटांच्या दुकानातली सवय, दुसऱ्याची फरशी आपण घाण करायची नाही. ती गटाराशी वाकून माझं बूच काढते. पाणी तिच्या बोटांवरून वाहतं.

बुचाच्या भोकातून मला दिसतं, बोटं थांबतात.

ती अंगठा आणि तर्जनी एकमेकींवर घासते. मग हात पुसते आणि पुन्हा पाण्याखाली धरते. स्वच्छ पाणी सरकन निघून जातं. हे रेंगाळतंय. बुळबुळीत आहे, आणि तांदूळ धुतल्यासारखं गढूळ.

"काय झालं?" थंडोबा विचारतो.

"काही नाही, साहेब."

तिने बूच लावलं. एक कडी तिच्या हातात, दुसरी नुसतीच लोंबतेय. मी तिरकी होऊन पायऱ्या चढतेय.

"पुन्हा आलात?" हा नवा आवाज आचाऱ्याचा. "मागच्या वेळी भर पंगतीत माझं नाक कापलंत. आता काय कान हवेत?"

झाकण उघडं

उजेड. तीन चेहरे माझ्यावर वाकलेले. वहिनीच्या ओठावर घामाचे थेंब. थंडोबा तिच्या नाकाकडे पाहतोय. आचारी हात पुढे करतो.

"एक मिनिट," वहिनी म्हणते आणि अंगठ्याने पहिला मासा दाबते. खळगा पडतो आणि लगेच भरून येतो. दुसरा. तोही उसळतो. तिसरा.

"हे काय चाललंय?" आचारी म्हणतो. "मासा विकताय की बूट घालून बघताय? हुंगा ना सरळ!"

ती चौथा दाबते. खळगा पडतो. आणि पडूनच राहतो.

मित्रांनो, त्या खळग्याकडे ती जेवढा वेळ पाहत होती, तेवढ्यात मी पुन्हा एकदा जुनी झाले. तो मासा हळूच बाजूला सारून "हे तीन बघा" म्हणणं सोपं होतं. नाक जवळ नेऊन तोंड वाकडं करणं तर त्याहून सोपं होतं. कोणाला कळलं असतं?

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

आचाऱ्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"तापात गेला. पण अंगठा शाबूत आहे. आजवर लोकांच्या बुटाच्या टोकावर दाबून सांगत आले, बोट कुठे टेकतंय ते. हे तीन मासे उसळतात. हा उसळत नाही. तुम्ही हुंगून बघा. मी चुकले असेन, तर पेटी उचलते आणि निघते."

आचारी वाकला. सरळ झाला.

"शिळा," तो म्हणाला. मग थंडोबाकडे वळला. "हा आत आला कसा?"

वहिनीनेही तिकडेच पाहिलं. तिला काय ठाऊक! ठाऊक होतं मला आणि त्याला. पेटी बाईंच्या हातात होती. "बाईंना विचारा" एवढं म्हणून तो सुटला असता. पण तो त्याच संथ आवाजात म्हणाला, "मी ठेवला. बाईंची परीक्षा घ्यायला."

"माझ्या ओट्यावर? माझ्या लोकांच्या ताटात?"

"यांना कळला नसता, तर मी सांगितलं असतं."

"असतं!" आचाऱ्याने दाराकडे झारा रोखला. "तुम्ही बाहेर व्हा. बाई, तुम्ही थांबा."

आणि माझं झाकण धाडकन मिटलं.

झाकण बंद

"वास येत नाही म्हणता," आचाऱ्याचा आवाज. "मग माझी मासळी बंदरावरून निघताना हुंगणार कोण?"

"माझी नणंद. तिचं नाक सगळीकडे असतं. आणि इथे तुम्ही हुंगा. मधे माझा अंगठा."

आचारी हसल्यासारखं वाटलं. नक्की सांगता येत नाही, कारण मी अंधारात होते.

"ठीक आहे. उद्यापासून घेतो. पण दोन अटी. ते तुमचे साहेब इथे नकोत. आणि ही फाटकी पेटी नको. कोपऱ्यात रबर बघा कसं लोंबतंय. हिच्यात बर्फ टिकणार कसा?"

मला उंबरा आठवला.

"साहेबांचं तुम्ही बघा," वहिनी म्हणाली. "पेटी हीच राहील. रबर मी बदलून घेते. मासा खराब आहे हे मला आधी हिनेच सांगितलं."

"पेटीनं?"

"हिच्या पाण्यानं."

मित्रांनो, मी इतका वेळ तुम्हाला सांगत होते की मला तोंड नाही.

झाकण बंद, पण काही हरकत नाही

मागच्या पायऱ्यांवर थंडोबाचा आवाज आला. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"कधी, साहेब?"

"नाकाचं विचारलं तेव्हा."

"नाकासमोर चालते, म्हणाले. चालतेच. वास येतो, असं म्हणाले का?"

मग वहिनीच पुढे म्हणाली, "आणि तुम्ही मला न सांगता मासा ठेवलात."

त्याचे बूट एक पायरी खाली वाजले. मला वाटलं, आता झालं. आचाऱ्याचं काम मिळालं, पण नोकरी देणारा तर हाच. मी तिच्या एका हाताला तिरकी लटकत होते आणि पाणी एकाच कोपऱ्यात जमत होतं.

मग माझी दुसरी बाजू वर उचलली गेली. इतका वेळ लोंबणारी कडी त्याने धरली होती.

"उद्या लवकर या," तो म्हणाला. "आणि नणंदेला सांगा, माझ्या माघारी मला काय म्हणते ते मला माहीत आहे."

आम्ही सरळ पायऱ्या उतरलो. पाणी पोटात समतल झालं.

आता माझ्या जन्माचं सांगायचं राहिलं. राहू द्या. साचा होता, ऊब होती, बाहेर आले, एवढंच. माझं रबर आता नवं आहे. रोज सकाळी वहिनी त्या पट्टीवरून अंगठा दाबत नेते, आणि वाटेत नणंद विचारते, "काय गं, पेटीला बूट घट्ट होतात का?"

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू दार अडवायला ठेवलेली असेल. फेकण्याआधी तिच्या बुडाशी एकदा हात धरून बघा. ज्यांना तोंड नसतं त्या पाझरून बोलतात.

आणि जाताना झाकण नीट लावा. आत आजचे तीन चांगले मासे आहेत.