मानेवरची रेघ

धाकटीने मफलरचा दुसरा वेढा दिला आणि टोक कोटात खोचलं, तसे बाबा खोकले.

"गळा आवळतेस की काय?"

"वाऱ्यात मान उघडी ठेवू नका, असं सांगितलंय डॉक्टरांनी."

"थंडी संपली, धाकटे. त्या डॉक्टरला कुणीतरी सांगा."

"चला."

थंडी पुरती संपली नव्हती, पण तिचा जोर ओसरला होता. इतके दिवस घट्ट मिटलेल्या गल्लीतल्या खिडक्या आता दुपारपुरत्या किलकिल्या व्हायच्या. कोपऱ्यावरच्या झाडाच्या वाळक्या फांद्यांना डोळे फुटले होते. असलं काही दिसलं की लोकांना बरं वाटतं म्हणे. धाकटीला मात्र बसल्या जागी मुंग्या यायच्या. सगळं जग कुठेतरी निघायच्या तयारीत, आणि आपण बापाचा दंड धरून पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढीच आपली मजल.

हिवाळ्याच्या तोंडावर बाबांच्या छातीत कळ आली होती. तीही दुकानात, एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना. त्या बिचाऱ्याने तशाच अर्ध्या दाढीने त्यांना दवाखान्यात पोचवलं. तेव्हापासून सलूनला कुलूप होतं. रोज चाला, हळूहळू वाढवत न्या, असं डॉक्टर म्हणाले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि थोरली लग्न होऊन परगावी होती. ती फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायची. "रोज ने हं त्यांना फिरायला, कंटाळा करू नकोस." धाकटी फोन ठेवायची आणि दिवसभर काचा घासून आखडलेली बोटं मोडत बाबांचे बूट पुढे करायची.

ती चष्म्याच्या दुकानात होती. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, नाकावरून घसरणारा चष्मा नाकावर बसता करायचा. हात चांगला होता तिचा. म्हणूनच मालकांच्या भावाने दूरच्या मोठ्या शहरात कारखाना काढला, तेव्हा काचांचं सगळं काम हिच्याकडे द्यायचं असं दोघा भावांनी ठरवलं. मालक रोज विचारायचे आणि ती रोज काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. शेवटी ते म्हणाले, "येत्या सोमवारी हो की नाही ते सांग. मग मी दुसरं माणूस बघायला मोकळा."

घरी तिने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. तिने मनाशी एक खूण ठरवली होती. बाबा ज्या दिवशी चालत पूल ओलांडतील त्या दिवशी सांगायचं. पूल ओलांडणारा माणूस एकटा राहू शकतो. कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं कोण जाणे, पण तिने ते धरून ठेवलं होतं.

आणि बाबा रोज पुलाच्या मध्यावर थांबायचे.

आजही थांबले. कठड्याला धरलं, तोंडाने श्वास सोडला. "बस. आजच्यापुरतं पुष्कळ झालं."

"त्या दिव्यापर्यंत तरी?"

"उद्या."

उद्या! तिचा उजवा पाय टाचेवर थडथड हलायला लागला. घरी जेवताना हलायचा, दुकानात काच घासायचं चाक फिरवताना हलायचा. बाबा त्या पायाकडे बघत राहिले आणि मग नदीकडे बघायला लागले.

थोड्या अंतरावर एक जण गळ टाकून पाठमोरा बसला होता. उन्हामुळे त्याने मफलर काढून कठड्यावर टाकला होता. हिवाळाभर गावात कुणाची मान दिसली नव्हती, आता एकेक उघडी पडत होती. धाकटीची नजर सहज त्याच्या मानेवर गेली आणि तिथेच अडकली.

केसांच्या खाली वस्तऱ्याची रेघ होती. रेघ सरळच, पण उजव्या बाजूला जराशी खाली उतरलेली.

बाबा डावखुरे. त्यांच्या हातची रेघ अशीच उतरायची, जन्मभर. गिऱ्हाइकाला आपली मान दिसत नाही, म्हणून कुणी कधी तक्रार केली नाही. लहानपणी धाकटी दुकानात केस झाडायला जायची, तेव्हा खुर्चीत बसलेल्या माणसांच्या माना बरोबर तिच्या डोळ्यांसमोर यायच्या. आई म्हणायची, "ती तुझ्या बापाची सही आहे."

पण दुकान तर हिवाळाभर बंद होतं. आणि ही रेघ ताजी होती. तिच्याखालची कातडी अजून गोरी दिसत होती.

"बाबा, त्याचे केस कुणी कापले असतील हो?"

"कापले असतील कुणीतरी. गावात काय एकच कात्री आहे?" बाबांनी कठडा सोडला. "चल, वारा सुटलाय."

वारा कुठेच नव्हता. आणि परतताना बाबा एवढे भराभर चालले की गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना आपण आजारी असल्याची आठवण झाली आणि ते पुन्हा हळू झाले.

चोराच्या मनात चांदणं. धाकटीने ताकास तूर लागू दिली नाही. रात्री भांडी घासताना ती एवढंच म्हणाली, "रविवारी तळ्यावर जाऊ. बसने. चालायचं नाही, नुसतं उन्हात बसायचं."

"तळ्यावर काय बघायचंय?"

"पाणी."

"ते नळालाही येतं."

पण रविवारी तिने त्यांना कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि बसमध्ये बसवलं. बस पुलावरून गेली, पलीकडच्या चढाला लागली. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. लांबचा रस्ता होता. पायी यायचं तर धडधाकट माणसालाही घाम फुटावा, असा.

तळ्याकाठी अर्धं गाव लोटलं होतं. हिवाळाभर घरात कोंडलेली माणसं कोट खांद्यावर टाकून उगाचच इकडून तिकडे फिरत होती. पोरं पाण्यात दगड मारत होती. धाकटी बघायला आली होती ते वेगळंच. तिने बाबांना बाकावर बसवलं आणि नजर फिरवली.

होडीवाल्याच्या मानेवर रेघ उजवीकडे उतरलेली. पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्याच्या मानेवर तीच. पलीकडे फुगे विकणारा वाकला, तर त्याच्याही. जिकडे बघावं तिकडे बापाच्या सह्या!

एवढ्यात पाणी सोडणारा पंपवाला हातातला पाना पुसत आला आणि बाबांसमोर थबकला.

"काय मास्तर, आज बसने?"

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"ही कन्या का?" पंपवाला खुशीत आला. "अहो ताई, काय चालतात हो तुमचे वडील! चढावरसुद्धा दम लागत नाही. इथे आले की खिशातून कात्री काढतात. आम्हा सगळ्यांच्या माना यांच्याच ताब्यात आहेत म्हणा ना." आपल्याच विनोदावर हसत तो पंपाकडे निघून गेला. त्याचीही मान धाकटीने बघून घेतली.

तिथल्या तिथे बापाची बिनपाण्याने करावी, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. आपण दुकानात गेलो की हा माणूस तळ्यापर्यंत चालतो, गावाचे केस कापतो, आणि संध्याकाळी आपल्या दंडाला धरून पुलावर धापा टाकतो. आणि आपण मालकांसमोर रोज खोटं बोलतो, रात्री उशीत तोंड खुपसून पडतो. कशासाठी? या नाटकासाठी? तिचा पाय बाकाखाली एवढा हलत होता की बाकही हलायला लागला.

"पूल ओलांडता येत नव्हता ना तुम्हाला?"

"येत होता."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मग मला का नाही सांगितलंत?"

बाबांनी सावकाश मफलरचा एक वेढा सोडवला, मग दुसरा. मांडीवर घडी घातली, ती पुन्हा मोडली.

"बरा झालो म्हटलं असतं, तर आली असतीस माझ्याबरोबर फिरायला?"

आली नसती. हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. बरी झालेली माणसं एकटी फिरतात.

"तुझी आई गेल्यापासून," बाबा म्हणाले, "तू घरात येतेस, जेवतेस, झोपतेस. दुकानातच राहिलीस बघ सगळी. या हिवाळ्यात रोज तासभर होतीस. चिडलेली असायचीस, पण होतीस."

राग तर होताच, तो कुठे गेला नव्हता. पण त्याला बसायला जागा उरली नव्हती. तिने परतीची बस येताना पाहिली आणि उठली.

"बस नको," बाबा म्हणाले. "चालत जाऊ."

आणि ते निघाले, त्यांच्या खऱ्या चालीने. उताराला तर पायाला भिंगरी लागल्यासारखे. धाकटी दिवसभर स्टुलावर बसणारी. चार पावलं बरोबर, मग दोन पावलं मागे, मग चांगलीच मागे पडली. तिला पुढे दिसत होती ती त्यांची पाठ, हातात लोंबणारा मफलर, आणि मान.

पांढरे केस वाढून कॉलरवर वळले होते, कानांमागे झुलपं आली होती. गावाच्या माना साफ आणि यांचीच ही दशा. आई होती तोवर कात्री-वस्तरा घेऊन बाबांची मान ती करायची. ती गेल्यावर ते काम धाकटीकडे आलं. आणि हिवाळाभर ती त्या मानेला रोज मफलर गुंडाळत आली होती, घट्ट, दोन वेढे, पण एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं.

पूल आला. पुलाचा मध्य आला. बाबा थांबले नाहीत.

"बाबा, थांबा जरा," ती कठड्याला धरून म्हणाली. "दम लागला मला."

ते थांबले, पण वळले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले, "कधी निघायचंय?"

"कुणी सांगितलं तुम्हाला? थोरलीने?"

"तिला तरी कुठे माहीत आहे? तुझ्या पायाने सांगितलं. दुकानात वाट बघत बसलेलं गिऱ्हाईक असाच पाय हलवतं. ज्याला दुसरीकडे पोचायचं असतं, ते. त्याला आपण आधी घेतो."

खाली नदीला पाणी वाढलं होतं. कठड्याच्या फटीतून गवताचं हिरवं पातं वर आलं होतं. धाकटीने ते खुडलं आणि टाकून दिलं.

"उद्या सांगायचंय. मालकांना."

"सांग मग."

"आणि तुमचं?"

"माझं मला सगळं जमतं. ऐकलंस ना, काय म्हणाला तो पंपवाला." त्यांचा हात आपोआप मागे गेला, कॉलरवरच्या केसांना लागला आणि तिथेच थांबला. "मान तेवढी आपली आपल्याला करता येत नाही."

धाकटी पुढे झाली, त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. कात्री होती, फणी होती, कापडात गुंडाळलेला वस्तरा होता. तिने मफलर झटकून त्यांच्या खांद्यांवर पसरला आणि कठड्याखालच्या पायरीकडे बोट दाखवलं.

"बसा."

"इथे? लोक बघतील."

"बघू देत. गावाची मान करता तळ्यावर, तेव्हा बघत नाहीत?"

ते बसले. तिने केस कापले, फुंकर मारून झाडले. मग वस्तरा उघडला, एका हाताने त्यांचं डोकं धरलं आणि हळूहळू रेघ ओढायला लागली. ऊन पाठीवर होतं. माणसं बाजूने जात-येत होती, एक-दोघं हसली.

"सरळ येतेय का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही. उजवीकडे उतरतेय."

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मान आणखी जराशी खाली घातली.