चहा न घेणारा एजंट

"ताई, चहा टाकू नका," इलियास दारातूनच म्हणाला. "आधी घर बघू द्या."

विमलच्या हातात पातेलं होतं, गॅस पेटलेला होता. घर बघायला आलेल्या माणसानं चहाला नको म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तिला जरा रागच आला. समोरच्या सरूमावशींनी फार भरीला घातलं म्हणून तिनं या एजंटला बोलावलं होतं. नाहीतर वडिलांचं, नानांचं घर दलालाच्या हाती द्यायचं, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

इलियास पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. वाळूजच्या कारखान्यात पाळ्या केलेल्या, कारखाना बंद पडल्यावर हे काम धरलेलं. सिडकोत एका झेरॉक्सच्या दुकानासमोर त्याची खुर्ची असे, तेच त्याचं ऑफिस. चपला बाहेर काढून तो आत आला. नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून बघितल्या, गच्चीवर जाऊन आला. मग बैठकीत नानांच्या फोटोसमोर उभा राहिला. चंदनाचा हार, खाली उदबत्तीचं घर.

आजवर कितीजण येऊन गेले, त्यानं विचारलं. विमलनं मोजले नव्हते. नाना गेल्यापासून दर रविवारी ती नाशिकहून येई, कुलूप काढी, केर काढी, दूध आणे. दारावरची 'विकणे आहे' ही पाटी वाचून लोक येत. चांगली माणसं होती. बसत, चहा घेत. फोटोकडे बघून कधी झालं, काय झालं विचारत. ती सांगे. झोपेतच गेले, याच खोलीत, त्रास काही झाला नाही. बायका डोळ्यांना पदर लावत. एका आजोबांनी तर जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. 'कळवतो' म्हणून सगळे जात, आणि कुणी कळवत नसे.

इलियासनं सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाला, "राग मानू नका ताई. लोक घर बघायला येतात अन् समाचाराला आल्यावानी बसून जातात. समाचाराला गेलेला माणूस भाव कसा करील? तुमच्या हातचा चहा पिऊन तुमच्या तोंडावर हौद नडतो म्हणून कोण सांगील?"

"हौद नडतो?"

"लई नडतो. गाडी कुठं लावायची?"

फाटकापासून पायरीपर्यंतचं सगळं अंगण हौदानं खाल्लं होतं. निम्मा जमिनीत, निम्मा कमरेइतका वर. शहरात नळाला पाणी कधी आठवड्यानं येई, कधी त्याहून उशिरा. नानांनी एक अख्खा उन्हाळा गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून तो बांधून घेतला होता. गल्लीत टँकरपाशी भांडणं लागली की नाना फाटकातून नळी बाहेर सोडत आणि म्हणत, भांडता कशाला, भरून घ्या. त्यांच्या अंत्ययात्रेला आलेल्या निम्म्या बायका त्या नळीच्या ओळखीच्या होत्या.

"हौद बुजवणाऱ्याला घर द्यायचं नाही," विमल म्हणाली. आवाज तिला नको होता तेवढा चढला.

"बुजवा म्हणलो का मी? ज्याला हौद पायजे त्याला शोधून आणतो. ते माझं काम. तुमचं काम एवढंच, लोक येतील तव्हा सरूमावशीकडं बसायचं." त्यानं फोटोकडे बघितलं. "अन् नानांनाही संगं न्यायचं."

नानांचा फोटो भिंतीवरून काढायचा म्हणजे त्यांना त्यांच्याच घरातून उठवायचं. हे या माणसाला कसं सांगावं तिला कळेना. त्याला ते न सांगताच कळलं असावं.

"गंगापूरला माझ्या अब्बांचं घर होतं. विकायची पाळी आली तव्हा मी दुसऱ्या एजंटला दिलं."

"तुम्ही स्वतः एजंट असून?"

"हौ. गिऱ्हाइकानं भिंतीवर टकटक केली तरी माझं डोकं फिरायचं. एकाला तर हाकलूनच लावलं. धंदा वेगळा ताई, बाप वेगळा."

पुढच्या रविवारी फोटो पंच्यात गुंडाळून विमल समोरच्या घरी जाऊन बसली. सरूमावशींनी पंच्याची घडी उघडून नानांचा फोटो बघितला. "बद्रीनाथभाऊ जिवंत होते तव्हा उंबऱ्याच्या आत कधी टेकले नाय. सदा घाई, पाणी येईल म्हणून. आता बसा म्हणावं निवांत." आणि त्यांनी फोटोसाठी खाटेवरची उशी सरकवली. विमलला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, त्यामुळे तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

खिडकीतून फाटक दिसे, बोलणं ऐकू येई. पहिलं गिऱ्हाईक फाटकातच थबकलं आणि मोठ्यानं म्हणालं, घर आहे की पाण्याची टाकी. बरोबरची माणसं हसली. विमलच्या मुठी आवळल्या. पण इलियासही हसत होता. गाडीवाल्यांसाठी हे घर नाहीच, तो म्हणत होता, तुमच्यासाठी दुसरं दाखवतो. त्यानं ना हौदाची बाजू घेतली, ना मनाला लावून घेतलं. ते शब्द त्याच्यापाशी आले आणि तिथंच थांबले. रस्ता ओलांडून या खाटेपर्यंत आला तो नुसता आवाज.

असे रविवार येत गेले. वारसाची नोंद करायला सिडकोच्या कचेरीत तो तिच्याबरोबर रांगेत उभा राहिला, कोणता कागद आधी आणि कोणता मागून ते त्यानंच बघितलं. एका रविवारी खाटेवर तिनं पिशवीतलं पुस्तक काढलं आणि बरीच पानं वाचून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, समोर लोक येऊन गेले, आपण मान वर केली नाही.

आवडाबाई आल्या त्या दिवशी तिनं मान वर केली. मूळच्या करमाडच्या, विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे पुरवण्याचं त्यांचं काम. भाड्याच्या घरात पाण्यापायी घरमालकाशी रोजची कटकट. त्यांनी खोल्या बघितल्याच नाहीत. हौदाचं झाकण उचललं, आत डोकं घातलं आणि हाक मारल्यासारखं "ओ" केलं. आतून "ओ" आलं. मग कमरेवर हात ठेवून त्या इलियासशी भावाला बसल्या त्या दुपार कलेपर्यंत. एकदा रागावून फाटकाबाहेर गेल्या, परत आल्या. इलियासनं येऊन विमलला यातलं फक्त शेवटचं सांगितलं. ठरलं. तिनं सांगितलेल्या आकड्याच्या खाली तो उतरला नव्हता.

खरेदीखत झालं, किल्ल्या दिल्या. त्यानंतर नानांची दोन ट्रंका पुस्तकं न्यायला विमल आली आणि सरूमावशींकडे ती बांधत होती, तोच समोरच्या फाटकातून इलियासनं हाक मारली. पाणी आलं होतं आणि हौदाचा कॉक काही केल्या फिरत नव्हता.

कॉकचा दांडा आधी वर उचलावा लागे, मग फिरे. विमलनं उचलला, फिरवला. पाणी धो धो पडू लागलं.

"एवढा हौद बांधला कुणी हो?" आवडाबाईंनी विचारलं.

सगळी हकिकत तिच्या ओठांवर आली. उन्हाळा, गवंडी, नळी. "माझ्या वडिलांनी," ती एवढंच म्हणाली.

"जाणतं माणूस म्हणायचं. बसा ताई, चहा टाकते."

विमलनं इलियासकडे बघितलं.

"आता घ्या," तो म्हणाला. "आता तुम्ही पाहुण्या. अन् माझाही टाका, आवडाबाई."

ती हौदाच्या कठड्यावर बसली. स्वयंपाकघरात पातेल्याचा, कपांचा आवाज झाला. या घरात नानांच्या मागं तिला कुणी चहा करून दिला नव्हता, सगळ्यांना तीच देत आली होती. चहा गोड होता, आलं घातलेलं. इलियास बशीत ओतून फुंकर घालत पीत होता आणि डब्यांच्या गाडीसाठी फाटकाबाहेर सावली कशी करता येईल ते सांगत होता.

हौद मुळात निम्मा भरलेलाच होता. पाणी वर येत चाललं की आवाज बारीक होई, आणि तो ऐकून नाना हातातलं काम टाकून कॉक बंद करायला उठत. आवाज बारीक झाला. विमल उठायला कप खाली ठेवणार, तेवढ्यात आवडाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी दांडा वर उचलला.

विमल बसून राहिली. कपात चहा उरला होता, तो तिनं सावकाश संपवला.